शेपूट नसलेल्या विमानाचा हट्ट धरणारा माणूस ४० वर्षांनी खरा ठरला

दुसऱ्या महायुद्धावरचे फ्लाइट सिम्युलेटर गेम खेळणाऱ्यांची एक सवय असते. स्पिटफायर, मेसरश्मिट उडवून झाली की त्यांची नजर यादीतल्या विचित्र विमानांकडे वळते. १९९१ साली आलेल्या ‘सीक्रेट वेपन्स ऑफ द लुफ्तवाफ’ या गेममध्ये जर्मनीचं गोथा २२९ उडवता यायचं. ना शेपूट, ना नेहमीसारखं लांब धड, नुसता एक मोठा पंख. खऱ्या युद्धात हे विमान चाचणीच्या पुढे कधी गेलंच नाही.

गेममध्ये असं विमान निवडायला काही लागत नाही. कोसळलं तर पुन्हा सुरू करायचं. पण त्याच काळात अमेरिकेत एका माणसाने असंच विमान बनवण्यासाठी आपली अख्खी कंपनी कामाला लावली होती. तिथे ‘पुन्हा सुरू करा’ असं बटण नव्हतं. तो माणूस म्हणजे जॅक नॉर्थ्रॉप.

नॉर्थ्रॉप यांचा जन्म १८९५ चा, न्यू जर्सीतल्या नेवार्कचा. वाढले कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरात. शिक्षण हायस्कूलपर्यंतच. इंजिनिअरिंगची पदवी नव्हती, पण चित्र काढण्यात आणि गणितात हात पक्का होता. १९१६ मध्ये लॉकहीड बंधूंच्या कारखान्यात कामाला लागले आणि १९२७ मध्ये त्यांचं लॉकहीड व्हेगा हे विमान आकाशात गेलं. पुढे अमेलिया इअरहार्टने १९३२ मध्ये एकटीने अटलांटिक ओलांडला तो व्हेगामधूनच.

एवढं नाव झाल्यावर दुसरा कुणी तशीच विमानं बनवत बसला असता. नॉर्थ्रॉप यांच्या डोक्यात मात्र वेगळंच होतं.

विमानाला वर उचलतो तो मुख्यतः पंख. धड आणि शेपूट वजन वाढवतात आणि हवेचा अडथळाही वाढवतात. मग ते हवेत कशाला? इंजिन, इंधन, माणसं, बॉम्ब सगळं पंखातच बसवलं तर तेवढ्याच इंधनात विमान जास्त लांब जाईल, असा त्यांचा हिशोब होता.

हिशोब बरोबर होता, पण एक अडचण होती. पतंग गोते खायला लागला की आपण त्याला शेपटी लावतो. विमानाची शेपटीही बरीचशी हेच काम करते. ती काढली की विमान डावी-उजवीकडे डुलायला लागतं.

१९३९ मध्ये नॉर्थ्रॉप यांनी हॉथॉर्न इथे स्वतःची कंपनी काढली. १९४० च्या जुलैमध्ये त्यांचं एन-१एम हे छोटं उडता पंख विमान कॅलिफोर्नियातल्या एका कोरड्या तळ्यावरून उडालं. १९४१ मध्ये अमेरिकन लष्कराने त्यांच्याकडे याच आकाराचं प्रचंड बॉम्बर मागितलं. त्याच्या एक तृतीयांश आकाराची एन-९एम विमानं आधी बनवली गेली. त्यातलं एक १९४३ मध्ये कोसळलं आणि चाचणी वैमानिक मॅक्स कॉन्स्टंट गेले. सप्टेंबर १९४५ मध्ये एक्सपी-७९बी हे लढाऊ विमान पहिल्याच उड्डाणात पडलं. त्यात वैमानिकाने पालथं झोपून विमान चालवायचं होतं. हॅरी क्रॉस्बी यांचा त्या अपघातात मृत्यू झाला.

मोठं बॉम्बर एक्सबी-३५ उडालं ते जून १९४६ मध्ये. तोवर युद्ध संपलं होतं आणि जेटचा जमाना आला होता. मग त्याच पंखाला आठ जेट इंजिनं लावून वायबी-४९ तयार झालं. १९४७ मध्ये ते उडालं. पण डुलण्याचा त्रास गेला नव्हता, त्यामुळे बॉम्बचा नेम धरणं अवघड जायचं.

५ जून १९४८ रोजी एक वायबी-४९ हवेतच तुटलं आणि त्यातले पाचही जण मरण पावले. त्यात कॅप्टन ग्लेन एडवर्ड्स होते. आज जगभर प्रसिद्ध असलेला एडवर्ड्स हवाई तळ त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

१९४९ मध्ये हवाई दलाने या विमानांची ऑर्डर रद्द केली. बांधलेली मोठी विमानं भंगारात गेली. आज त्यातलं एकही शिल्लक नाही. नॉर्थ्रॉप १९५२ मध्ये निवृत्त झाले. अनेक वर्षांनी त्यांनी आरोप केला, की आपली कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन करायला नकार दिला म्हणून ऑर्डर गेली. तेव्हाचे हवाई दलाचे सचिव स्टुअर्ट सायमिंग्टन यांनी तो फेटाळला. विमानाच्या तांत्रिक अडचणी मात्र खऱ्याच होत्या.

त्या अडचणी सुटल्या त्या कॉम्प्युटरमुळे. विमान डुलायला लागलं की वैमानिकाच्या लक्षात येण्याआधीच कॉम्प्युटर पंखावरच्या झडपा हलवून त्याला सावरू लागला. शिवाय उभी शेपटी नसलेला पंख रडारवर फार कमी दिसतो, हा फायदाही होताच.

१९८० मध्ये नॉर्थ्रॉप ८४ वर्षांचे होते. व्हीलचेअरवर होते, बोलणंही जड झालं होतं. त्यांच्या जुन्या कंपनीने सरकारकडून खास परवानगी घेऊन त्यांना एका अतिगुप्त विमानाचं मॉडेल दाखवलं. ते होतं नव्या बॉम्बरचं, जे पुढे बी-२ म्हणून ओळखलं गेलं. शेपूट नाही, नुसता पंख.

फेब्रुवारी १९८१ मध्ये नॉर्थ्रॉप यांचं निधन झालं. बी-२ आकाशात गेलं १९८९ मध्ये. त्याच्या पंखाचा विस्तार आहे १७२ फूट. भंगारात गेलेल्या वायबी-४९ चा विस्तारही बरोबर तेवढाच होता.