गिरणगावातल्या रक्तक्षयाचा माग घेणाऱ्या डॉ. ल्युसी विल्स

दिवाळीनंतर ऊसतोडीला निघण्याआधी आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गरोदर बाया तपासणीला येतात. हिमोग्लोबिन अकराच्या खाली असणे म्हणजे गरोदरपणातला रक्तक्षय. तसे आकडे आम्हाला रोज दिसतात. आम्ही लाल गोळ्या देतो. मळमळते म्हणून अनेकींच्या गोळ्या डब्यातच राहतात. या गोळीत लोहासोबत फॉलिक आम्ल असते. त्याचा माग प्रथम लागला तो आपल्या मुंबईत.

ल्युसी विल्स यांचा जन्म १८८८ साली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ झाला. केंब्रिजला त्या वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या, पुढे लंडनला वैद्यक शिकून १९२० मध्ये डॉक्टर झाल्या. १९२८ मध्ये त्या मुंबईला आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायांना गरोदरपणी तीव्र रक्तक्षय होई आणि त्यात अनेकींचा जीव जाई. त्याचे कारण शोधायचे होते.

हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते, हे आपण शाळेत शिकतो. पण ते रिकाम्या हाताने परतत नाही. पेशींकडून येताना ते काही कार्बन डायऑक्साइड सोबत आणते आणि तयार झालेले आम्ल स्वतःवर झेलून रक्ताचा समतोल राखते. ही सगळी कामे तांबड्या पेशींत चालतात. त्या पेशीच पुरेशा बनल्या नाहीत, तर बाळंतपणात झालेला थोडाही रक्तस्राव आईला झेपत नाही.

विल्स यांनी तपासलेल्या या बायांच्या रक्तात तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या होत्या. त्यांनी बायांच्या आहाराची नोंद केली आणि तशाच निकृष्ट आहारावर प्राण्यांना ठेवून पाहिले. अशा आजारी पडलेल्या एका माकडाला यीस्टचा अर्क, म्हणजे मार्माइट दिल्यावर ते सुधारले. मग तोच स्वस्त अर्क गरोदर बायांना दिला, तर त्यांचेही रक्त भरून येऊ लागले. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. अर्कातल्या त्या अज्ञात घटकाला पुढे विल्स फॅक्टर म्हणू लागले.

१९४१ मध्ये तो घटक पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला. लॅटिनमधील पान या अर्थाच्या शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. १९४५ च्या सुमारास डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने अमेरिकेत ते कृत्रिमरीत्या बनवले. नव्या पेशी घडताना लागणारा डीएनए तयार होण्यासाठी ते आवश्यक असते. गर्भाच्या मज्जारज्जूतील व्यंगेही त्यामुळे बऱ्याच अंशी टळतात.

विल्स १९६४ मध्ये वारल्या. आज आपल्याकडच्या रक्तक्षयाचे मुख्य कारण लोहाची कमतरता हेच आहे. म्हणून गोळीत दोन्ही असतात. गोळी जेवणानंतर घ्या, चहासोबत नको. शौचाला काळे झाले तर घाबरू नका. आणि कोपीवर जाताना पूर्ण हंगामाच्या गोळ्या मागून घ्या.