फ्लॅशवाले ‘डॉक’

आमच्या पवनीत रिसेप्शनच्या स्टेजशेजारी स्टँडवर छत्रीचे फ्लॅश दिसतात. कॅमेऱ्यावरूनच फ्लॅश मारला की चेहरे सपाट येतात, मागच्या पडद्यावर काळी सावली पडते. म्हणून तो बाजूला, जरा उंच ठेवायचा. अंतर दुप्पट झालं की उजेड पाव होतो, हे गणित तुम्हाला सांगायला नकोच. पण हा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश ज्यांनी फोटोग्राफीत रुजवला ते इलेक्ट्रिकलचे, हे वाचून मला भारी वाटलं.

हॅरोल्ड एजर्टन १९०३ साली अमेरिकेतल्या नेब्रास्कात जन्मले. पुढे एमआयटीत ते सिंक्रोनस मोटरवर काम करत होते. फिरता रोटर डोळ्यांना दिसणार कसा? त्यांनी त्यावर ठराविक वेगानं लुकलुकणारा दिवा टाकला आणि रोटर जागीच थांबल्यासारखा दिसला! १९३१ मध्ये डॉक्टरेट मिळाली. कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज वायूच्या नळीतून क्षणात सोडायची. दर फोटोला बल्ब बदलायची कटकट गेली. याच उजेडात त्यांनी दुधाच्या थेंबाचा मुकुट आणि सफरचंदातून आरपार जाणारी गोळी टिपली.

नाव झालं तरी लॅब सुटली नाही. विद्यार्थी त्यांना प्रेमानं ‘डॉक’ म्हणत. १९९० मध्ये, ८६ व्या वर्षी, एमआयटीतच त्यांचं निधन झालं.

मला एवढंच वाटतं, डॉकनी मोटरची रीडिंगं सिनिअरच्या जर्नलमधून उतरवली असती, तर तो थांबलेला रोटर त्यांना दिसला असता का?