हसूरचंपूचे विमानकर्ते : डॉ. विष्णू माधव घाटगे

गडहिंग्लज तालुक्यातले हसूरचंपू हे गाव सीमाभागातल्या आपल्या मंडळींना अपरिचित नसावे. तिथे कुणाची सोयरीक नसली, तरी नाव कानावरून गेलेले असते. मात्र भारतीय बनावटीच्या पहिल्या प्रशिक्षण विमानाचे जनक याच गावात जन्मले, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. डॉ. विष्णू माधव घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ चा.

उच्च शिक्षणासाठी ते जर्मनीत ग्योटिंगेनला गेले. वायुगतिशास्त्राची पंढरीच ती! विमानाच्या पृष्ठभागाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराचे गणित १९०४ साली मांडणारे लुडविग प्रांटल तिथे शिकवत. त्यांच्या हाताखाली घाटग्यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. परंतु ही विद्या घेऊन मायदेशी परतायचे तर कुठे? त्या वेळी हिंदुस्थानात विमानाचा कारखानाच नव्हता.

ती उणीव सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंदांनी भरून काढली. म्हैसूर संस्थानच्या मदतीने त्यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी केली आणि घाटगे तिथे रुजू झाले. सुरुवातीलाच त्यांनी दहा जणांना वाहून नेणाऱ्या ग्लायडरचा आराखडा केला. पुढे महायुद्धाच्या धामधुमीत कारखाना दोस्त राष्ट्रांच्या विमानांच्या दुरुस्तीत गुंतला. नवे काही आखायला तिथे वाव उरला नाही.

अशा वेळी घाटगे शिक्षक झाले. डिसेंबर १९४२ मध्ये बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेत, वैमानिकी अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला आणि त्याची धुरा त्यांच्याकडे आली. ही कामगिरी त्यांच्या विमानांइतकीच मोलाची, असे मला वाटते. देशात हा विषय शिकवण्याची परंपराच नव्हती. अभ्यासक्रम, प्रयोगशाळा, वाऱ्याचा बोगदा, सगळे नव्याने उभे करायचे होते. आणि शिकलेल्या मुलांना पुढे आपल्या देशात स्वतंत्र विमान आखायला मिळेल याची कोणतीही हमी नव्हती. तरी विभाग उभा राहिला. पुढे सतीश धवन यांच्यासारखा माणूस १९५१ मध्ये याच विभागात आला.

स्वातंत्र्यानंतर घाटगे पुन्हा कारखान्यात परतले ते मुख्य आरेखक म्हणून. हवाई दलाला जुन्या टायगर मॉथच्या जागी शिकाऊ वैमानिकांसाठी विमान हवे होते. हे काम दिसते तितके साधे नसते. लढाऊ विमान कसलेल्या हातात जाते, शिकाऊ विमान मात्र कालच कॉकपिटमध्ये बसलेल्या मुलाच्या हातात. त्याच्या चुका विमानाने पोटात घालायच्या, हवेत गरगरू लागले तर त्याला सावरता यायला हवे, आणि तरीही ते इतके मवाळ नको की तो काही शिकणारच नाही. घाटगे आणि त्यांच्या चमूने मागेपुढे दोन आसने असलेले, खालच्या पंखांचे 'एचटी-२' तयार केले. ऑगस्ट १९५१ मध्ये ते आकाशात झेपावले. इंजिन ब्रिटिश होते हे खरे, पण आराखड्यावरची प्रत्येक रेघ इथली होती. पुढे ही विमाने घानाच्या हवाई दलातही गेली.

फ्लाइंग क्लबांसाठी पुष्पक आणि लष्करी टेहळणीसाठी कृषक, ही विमाने त्यानंतरची. १९५६ मध्ये जर्मन आरेखक कुर्ट टँक 'मरुत' या लढाऊ विमानासाठी बंगळूरला आले. त्या वेळी विमान आखण्याचा अनुभव असलेले भारतीय अभियंते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. जे होते त्यांच्यामागे एचटी-२ चे काम होते.

१९५९ च्या सुमारास घाटग्यांच्या नेतृत्वाखाली 'किरण' या जेट प्रशिक्षण विमानाचे काम सुरू झाले आणि सप्टेंबर १९६४ मध्ये ते उडाले. पुढल्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. एरोनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया त्यांच्या नावाने पुरस्कार देते.

६ डिसेंबर १९९१ रोजी ते गेले. १९९६ मध्ये बिदरच्या हवाई तळावर हवाई दलाचे 'सूर्यकिरण' पथक उभे राहिले. त्या कसरती पाहायला माना वर करून उभे राहिलेल्या हजारो लोकांच्या डोक्यावरून पुढची पंधरा वर्षे, २०११ पर्यंत, किरणच जात होते.