दह्यातल्या जिवाणूंचे कैवारी

दही-ताकातले जिवाणू पोटाला चांगले, हे आता जाहिरातीही सांगतात. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हे ठासून सांगणारे एली मेचनिकोव्ह १८४५ मध्ये आजच्या युक्रेनमधील खारकिव्हजवळ जन्मले. ते डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. पहिली पत्नी ल्युडमिला १८७३ मध्ये क्षयाने गेली. क्षयावर तेव्हा औषधच नव्हते. त्या धक्क्याने मेचनिकोव्ह यांनी स्वतःचे आयुष्य संपवण्याचा प्रयत्न केला. सुदैवाने ते वाचले.

१८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना येथे, घरची मंडळी सर्कशीला गेलेली असताना, त्यांना एक कल्पना सुचली. तारामाशाच्या पारदर्शक अळीत त्यांनी काटे टोचले. सकाळी पाहतात तो काट्यांभोवती पेशींचा गराडा! शरीरात घुसलेल्या जंतूंना गिळणाऱ्या भक्षक पेशींचा सिद्धांत इथून उभा राहिला. १८८८ पासून अखेरपर्यंत ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये होते.

तिथे त्यांना म्हातारपणाच्या प्रश्नाने पछाडले. मोठ्या आतड्यातले कुजवणारे जिवाणू विष तयार करतात आणि त्यामुळे वार्धक्य लवकर येते, असे त्यांचे मत. उपाय म्हणजे आंबवलेले दूध. बल्गेरियन दह्यातला जिवाणू स्टामेन ग्रिगोरोव्ह या तरुण संशोधकाने १९०५ मध्ये शोधला होता. मेचनिकोव्ह स्वतः रोज असे दूध घेत. त्यांचा सिद्धांत पुढे बराचसा डळमळला, कारण हा बल्गेरिकस जिवाणू आतड्यात मुक्काम करत नाही. पण खाण्यातून उपयोगी जिवाणू देण्याची कल्पना टिकली.

१९०८ चे नोबेल त्यांना पॉल एर्लिख यांच्यासोबत विभागून मिळाले. एर्लिख जंतूंना नेमके टिपणारे रसायन शोधत होते, आणि औषधाला दाद न देणारे परजीवी त्यांच्या प्रयोगशाळेत आधीच दिसले होते. एक जिवाणू जोपासणारा, दुसरा जंतू मारणारा. या दोन वाटा पुढे एकमेकींना छेदणार होत्या. पण १५ जुलै १९१६ रोजी मेचनिकोव्ह वारले, तेव्हा पेनिसिलिनचा शोध बारा वर्षे दूर होता.

अँटिबायोटिक्सचा वापर वाढल्यावर नवा प्रश्न पुढे आला: खाण्यातले हे उपयोगी जिवाणूच औषधाला जुमानत नसतील तर? काही लॅक्टोबॅसिलस जातींवर व्हॅन्कोमायसिन मुळातच चालत नाही, कारण त्यांच्या पेशीभित्तिकेची घडण वेगळी आहे. हा गुण सहसा दुसऱ्या जिवाणूकडे जात नाही, म्हणून त्याची फारशी धास्ती नाही. काळजी आहे ती प्लाझ्मिडची. डीएनएची ही छोटी कडी एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकते, आणि आतड्याच्या गर्दीत तो दुसरा जिवाणू रोगकारकही असू शकतो.

रॉयटेरी या प्रोबायोटिक जिवाणूच्या एका वाणात टेट्रासायक्लिन आणि लिंकोमायसिन या औषधांना विरोध करणारी जनुके वाहणारे दोन प्लाझ्मिड आढळले. संशोधकांनी ते काढून टाकून नवा वाण तयार केला. ते काम २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. निरोगी माणसाने यामुळे दही सोडण्याचे काही कारण नाही. तपासणी हवी ती जिवाणू विकणाऱ्यांकडून. युरोपात तर खाद्यात वापरायच्या वाणात असा पसरू शकणारा प्रतिरोध नाही ना, हे आधी पाहिले जाते.

मेचनिकोव्ह यांची रक्षा पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात ठेवलेली आहे.