साहसाची बाराखडी लिहिणारे कार्ल बेनिश

विमानातून पॅराशूटच्या साह्याने उडी घेणे हेच एकेकाळी धाडसाचे टोक मानले जात असे. त्याही पुढे जाऊन कडे, पूल आणि गगनचुंबी इमारतींवरून झेपावण्याच्या वेडाला खेळाचे रूप व नाव मिळाले, ते कार्ल बेनिश या अमेरिकी छायाचित्रकारामुळे. 'बेस जम्पिंग'चे जनक म्हणून त्यांची ओळख आहे. याच खेळाने वयाच्या अवघ्या ४३व्या वर्षी त्यांचा बळी घेतला.

१९४१ मध्ये जन्मलेले बेनिश हे पेशाने विद्युत अभियंता. मात्र, स्थिर नोकरीपेक्षा आकाशाची ओढ प्रबळ ठरली. शिरस्त्राणावर कॅमेरा बसवून, स्वतः खाली कोसळत असताना इतरांच्या उड्या चित्रित करण्याचे तंत्र त्यांनी आत्मसात केले. १९६९ च्या 'द जिप्सी मॉथ्स' या हॉलिवूडपटातील आकाशउड्यांच्या चित्रीकरणात त्यांचा वाटा होता.

कॅलिफोर्नियातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात एल कॅपिटन हा सुमारे ९०० मीटर उंचीचा कडा आहे. १९६६ मध्ये दोघांनी त्यावरून गोल पॅराशूटने उड्या घेतल्या. दोघेही जायबंदी झाले. पुढे पंखासारखा आकार घेणारे, दिशा देता येणारे चौकोनी पॅराशूट आले. कड्यापासून दूर सरकत जाण्याचे कौशल्यही विकसित झाले. या दोहोंच्या बळावर ऑगस्ट १९७८ मध्ये बेनिश यांच्या चमूतील चौघे एल कॅपिटनवरून सुखरूप उतरले. बेनिश यांनी टिपलेल्या त्या दृश्यांनी नव्या खेळाची बीजे रोवली. १९८० मध्ये उद्यान प्रशासनाने उड्यांना रीतसर परवानगी दिली. परंतु नियम धाब्यावर बसवले गेल्याने काही आठवड्यांतच ती मागे घेण्यात आली.

बेनिश, त्यांच्या पत्नी जीन आणि फिल स्मिथ व फिल मेफिल्ड या सहकाऱ्यांनी इमारत, अँटेना, पूल व कडा या चार स्थानांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून 'बेस' हा शब्द घडवला. चारही ठिकाणांहून उडी घेणाऱ्यास क्रमांक देण्याची प्रथा पडली. जीन यांचा क्रमांक तिसरा, तर कार्ल यांचा चौथा.

या खेळातील धोका उंचीत नाही, तर उंचीच्या अभावात आहे. दीडशे मीटरवरून निघालेला माणूस पॅराशूट न उघडल्यास जेमतेम सहा सेकंदांत जमिनीवर आदळतो. विमानातून उडी घेणाऱ्याच्या पाठीवर दुसरे, राखीव पॅराशूट असते. येथे ते वापरण्यास अवधीच नसल्याने बहुधा एकच बाळगले जाते. शिवाय पॅराशूट उघडताना त्याचे तोंड कड्याकडे वळले, तर उडी घेणारा थेट खडकावर जाऊन आपटतो.

जुलै १९८४ मध्ये बेनिश दाम्पत्याने नॉर्वेतील ट्रोलवेगन या अजस्र कड्यावरून एकत्र झेप घेऊन सर्वाधिक उंचीवरील 'बेस' उडीचा विक्रम केला. दूरचित्रवाणीसाठी त्याचे चित्रीकरणही झाले. विक्रमाचा आनंद अद्याप ताजा होता. ७ जुलै रोजी बेनिश त्याच पर्वतराजीतील दुसऱ्या सुळक्यावरून झेपावले आणि कड्यावर आदळून मरण पावले. काही दिवसांतच जीन यांनी त्याच परिसरात पुन्हा उडी घेतली. दुःखाला सामोरे जाण्याचा हा त्यांचा मार्ग अनेकांना अचंबित करणारा होता. १९८६ मध्ये नॉर्वेने ट्रोलवेगनवरून उड्या घेण्यास बंदी घातली.

बेनिश यांच्या पश्चात हा खेळ थांबला नाही. पंखधारी पोशाख अर्थात 'विंगसूट'ने त्याला नवे वेड दिले आणि खडकांना जवळजवळ स्पर्श करीत उडण्याची चढाओढ सुरू झाली. १६ मे २०१५ रोजी योसेमिटीतच नामवंत गिर्यारोहक डीन पॉटर व त्यांचे सहकारी ग्रॅहम हंट यांचा अशाच उड्डाणात अंत झाला. बेनिश नवखे नव्हते, पॉटरही नव्हते. अनुभवाने धोका कमी होतो. चुकीला मिळणारी सवड मात्र वाढत नाही. या खेळाच्या जनकाचे आयुष्य हाच धडा मागे ठेवून गेले आहे.