पाठ फिरवून फेकणाऱ्याचे कोच

कॉलेजच्या मैदानावर गोळाफेक बघितलीये कधी? बरेच खेळाडू गोळा जिथे टाकायचा त्या दिशेला पाठ करून उभे राहतात. ही स्टाईल रुजवली अमेरिकेच्या पॅरी ओब्रायनने. पण आज गोष्ट त्याच्या कॉलेजच्या कोचची, जेस मॉर्टेन्सन यांची.

मॉर्टेन्सन स्वतः भालाफेकवाले. लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाकडून १९२९ मध्ये अमेरिकेची आंतरविद्यापीठ भालाफेक त्यांनी जिंकली. १९५१ मध्ये तिथेच मुख्य कोच झाले.

तेव्हा गोळाफेकपटू बाजूने उभे राहायचे. ओब्रायन पाठमोरा उभा राहू लागला, म्हणजे अंग १८० अंश वळणार आणि गोळ्याला जोर द्यायला जास्त अंतर मिळणार. चॅम्पियन कोच बहुतेकदा आपलीच पद्धत पोरांच्या गळ्यात मारतात (अनुभव असेलच तुम्हाला!). इथे मात्र पोराची नवी पद्धत टिकली. १९५२ ला हेलसिंकीत सुवर्ण आणि ८ मे १९५४ ला साठ फुटांपलीकडे गोळा, जगात पहिल्यांदाच.

मॉर्टेन्सन यांच्या अकरा वर्षांत विद्यापीठाने सात राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली, शेवटचं १९६१ मध्ये. पुढच्याच वर्षी ते गेले. ओब्रायन १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्येही उतरला. पाठमोराच.