नोकरी सोडून पुन्हा बाकावर बसलेले पेडण्याचे सुपुत्र : डॉ. भाऊ दाजी लाड



वय वाढले, आता डॉक्टर होणे शक्य नाही, असे आमचे काही माजी विद्यार्थी भेटल्यावर बोलून दाखवतात. कोणी एक-दोन वर्षे नोकरी केलेली असते, कोणावर घरची जबाबदारी असते. त्यांच्यासाठी या अंकात आम्ही आपल्याच मातीतील एका थोर पुरुषाचे चरित्र देत आहोत.

रामकृष्ण विठ्ठल लाड, म्हणजेच डॉ. भाऊ दाजी, यांचा जन्म पेडणे महालातील मांद्रे गावचा. पेडणे १७८८ पासून पोर्तुगीज अंमलाखाली होते. घरची परिस्थिती बेताची होती. १८३२ च्या सुमारास वडिलांनी मुलाला घेऊन मुंबई गाठली. तेथे ते मातीच्या मूर्ती व बाहुल्या विकून संसार चालवीत. मुलगा बुद्धिबळात तरबेज होता. त्याची हुशारी पाहून एका बड्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याला इंग्रजी शिकवण्याचा सल्ला दिला, असे सांगतात. पुढे एल्फिन्स्टन संस्थेत त्यांचे शिक्षण झाले. काठेवाड व कच्छमधील बालिकाहत्येच्या दुष्ट चालीवर त्यांनी निबंध लिहिला व बक्षीस मिळवले. त्याच संस्थेत ते शिक्षक झाले.

गरीब घरातील मुलाला मानाची नोकरी मिळाली, पगार सुरू झाला. बहुतेकांची वाट इथेच संपते. परंतु १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि विशी ओलांडलेल्या या शिक्षकाने पुन्हा विद्यार्थी होण्याचे ठरवले. जो काल फळ्यासमोर उभा राहून शिकवत होता, तो आज बाकावर बसून शिकू लागला!

हे धाडस किती मोठे होते याचा विचार करावा. कॉलेज अगदी नवे. आधीची तुकडीच नसल्यामुळे अनुभव विचारावा असा एकही माजी विद्यार्थी नव्हता. शिक्षण इंग्रजीतून. शरीरशास्त्र शिकायचे तर प्रेतविच्छेदन करणे भाग, आणि त्या काळी सोवळ्या घरात ही गोष्ट उच्चारणेही कठीण होते. तरीही त्यांनी अभ्यास नेटाने पुरा केला. १८५१ मध्ये पदवी मिळालेल्या पहिल्या आठ जणांत त्यांचे नाव आहे. त्याच तुकडीत पुढे प्रार्थना समाजाचे अध्यक्ष झालेले डॉ. आत्माराम पांडुरंग होते, तसेच वनस्पतिशास्त्रात नाव कमावलेले गोमंतकीय डॉ. लिस्बोआही होते. भाऊंचे बंधू नारायण दाजी हेदेखील पुढे त्याच कॉलेजातून डॉक्टर झाले.

शिक्षकी पेशात गेलेली वर्षे वाया गेली काय? मुळीच नाही. त्या वर्षांत लागलेली संस्कृत ग्रंथांची व शिलालेखांची गोडी त्यांना वैद्यकातही उपयोगी पडली. जुन्या वैद्यक ग्रंथांचा अभ्यास करून त्यांनी कुष्ठरोगावर औषध शोधण्याचा यत्न केला. अजिंठ्याच्या शिलालेखांवर व कालिदासाच्या काळावर त्यांनी विद्वत्तापूर्ण लेख लिहिले. १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशनच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. मुलींच्या शिक्षणासाठी ते झटले. १८६२ च्या महाराज खटल्यात एका बलाढ्य धर्मगुरूविरुद्ध डॉक्टर या नात्याने त्यांनी निर्भयपणे साक्ष दिली. १८६९ व १८७१ असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले. ३१ मे १८७४ रोजी त्यांचे निधन झाले. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला १९७५ पासून त्यांचेच नाव आहे. मुंबईला सहलीला जाल तेव्हा ते जरूर पाहावे.

आता आजची गोष्ट. पूर्वी एम.बी.बी.एस. प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेला खुल्या गटासाठी पंचवीस वर्षांची मर्यादा होती. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ही वरची मर्यादा काढून टाकली. म्हणजे दार उघडे आहे. मात्र आत शिरण्यापूर्वी विचारपूस करावी, अशी आमची विनंती आहे. भाऊंना विचारायला कोणी नव्हते, तुम्हाला आहे. बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज डिचोली-पेडण्याहून फार दूर नाही. राज्यातील प्रवेशाचे काम पर्वरीचे तंत्रशिक्षण संचालनालय पाहते. त्यांचे माहितीपत्रक आधी नीट वाचावे. मग आपले प्रश्न कागदावर लिहून काढावेत : माझी बारावी जुनी आहे, ती चालेल काय? जीवशास्त्र नव्हते, तर काय करावे? रहिवासी दाखला कोणता लागतो? शुल्क किती, वसतिगृह मिळते काय? उत्तर शक्यतो लेखी घ्यावे. ऐकीव माहितीवर ना नोकरी सोडावी, ना स्वप्न सोडावे.

पालकांनाही एक सांगणे आहे. पंचविशीतील मुलगी किंवा मुलगा पुन्हा शिकतो म्हणाला, तर आधी लोक काय म्हणतील हे पाहू नये. खर्चाचा व वर्षांचा हिशेब त्याच्यासोबत बसून करावा. साडेपाच वर्षांचा हा अभ्यासक्रम आहे, ओझे लहान नाही. हिशेब जमला तर पाठीशी उभे राहावे. कागदपत्रे जमवण्यात व अर्ज समजून घेण्यात शाळा आपल्या माजी विद्यार्थ्यांना केव्हाही मदत करील.

मांद्र्याच्या मूर्तिकाराचा मुलगा पावणेदोनशे वर्षांपूर्वी जे करू शकला, ते आमच्या मुलांना अशक्य आहे असे आम्हाला वाटत नाही.

— मुख्याध्यापक